निर्णय न बदलणारं संशोधन

कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनात हल्ली चित्राशेजारी एक छापील कागद लावलेला असतो. स्मृती, स्थलांतर, अवकाश, देह यांपैकी दोन-तीन शब्द त्यात हमखास असतात, मध्ये चार परदेशी विचारवंतांची नावं असतात आणि शेवटी ‘हे काम माझ्या संशोधनातून आलं आहे’ अशा अर्थाचं एक वाक्य. कागद वाचून चित्राकडे वळावं, तर चित्र आपलं गेल्या वर्षीच्या चित्रासारखंच. तोच कॅनव्हास, तेच अ‍ॅक्रिलिक, तीच मांडणी. संशोधन झालं असेलही, पण ते चित्राच्या अंगी लागलेलं नाही.

स्टुडिओतल्या कामामागचं संशोधन तपासायचं असेल तर एकच प्रश्न विचारावा: या शोधामुळे कामातला कोणता निर्णय बदलला? आकार बदलला असेल, माध्यम, रंग, टांगण्याची उंची, प्रतिमांचा क्रम, किंवा एखादी गोष्ट काढून टाकली असेल. असा निर्णय दाखवता आला तर दोन ओळींची नोंदही पुरे. नाही दाखवता आला तर साठ पानी प्रबंध खुशाल प्रबंध म्हणून वाचावा, चित्राच्या गुणांत तो धरू नये. आज बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं. प्रबंधाला गुण मिळतात आणि चाचण्यांचे तुकडे परीक्षेच्या आदल्या दिवशी स्टुडिओ झाडताना कचऱ्यात जातात.

हा वाद बडोद्यात घालायला खास कारण आहे. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकारानं इथे कलाभवन निघालं. रंगाईचं रसायनशास्त्र, सुतारकाम, यंत्रकाम आणि चित्रकला तिथे एका छपराखाली शिकवली जात होती, तीही देशी भाषेतून. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. पुढे १९५० साली विद्यापीठाची ललित कला शाखा उभी राहिली. मूळचे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, मग के. जी. सुब्रमण्यन अशी माणसं तिथे शिकवायला होती, आणि चित्र, शिल्प, मुद्रण यांच्या बरोबरीनं कलेतिहासाचा विभागही त्याच आवारात ठेवला गेला. आवार तोडून चालत जाण्याइतक्या अंतरावर ग्रंथ आणि भट्टी दोन्ही असावेत, ही त्यामागची समजूत होती. त्या समजुतीतला ग्रंथ आपण ठेवला आणि भट्टीची नोंदवही विसरलो, असं आज दिसतं.

त्याच्याही आधीचं उदाहरण राजवाड्यातलं आहे. १८८८ साली सयाजीरावांनी राजा रविवर्म्याला पुराण-महाकाव्यांतल्या प्रसंगांवर चौदा चित्रं सांगितली. चित्रं सुरू करण्यापूर्वी रविवर्मा धाकट्या भावाला घेऊन उत्तर हिंदुस्थान फिरून आला. प्रश्न होता साधाच: दमयंतीला, द्रौपदीला नेसवायचं काय? एका प्रांताचा पेहराव दिला तर दुसऱ्या प्रांताला ती परकी वाटणार. प्रवासातून परतल्यावर त्यानं साडी धरली, आणि पुढे ओलिओग्राफांतून, म्हणजे तैलचित्रांच्या छापील प्रतींतून, तीच साडी देवघरांच्या भिंतींवर गेली. त्या निर्णयावर आज टीका होऊ शकते, व्हायलाही हवी. पण प्रवासामागे एक प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कापडाच्या चुण्यांत दिसतं. प्रवासवर्णन वाचलं नाही तरी दिसतं.

१९९३ साली ब्रिटनमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी कलेतल्या संशोधनाचे तीन प्रकार पाडले: कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठी केलेलं. ही विभागणी आपल्याकडे बऱ्याच प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात सापडते आणि दुसऱ्या प्रकरणापासून गायब होते. तिचा उपयोग एवढाच, की विद्यार्थी यांतलं कोणतं करतो आहे हे त्याला आणि मार्गदर्शकाला आधी ठाऊक असावं. तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांचा कालक्रम लावणं हे पहिल्या प्रकारचं काम. ते कलेतिहासाच्या विद्यार्थ्यानं करावं आणि रीतसर करावं. त्याच वाड्यात चित्रकारानं जायचं ते वेगळ्या कामासाठी.

वाड्याचंच घेऊ. दांडिया बाजारापासून जवळ, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा हा वाडा आज संरक्षित वास्तू आहे. आतल्या भिंतींवर पुराणकथा आहेत, मराठा दरबारी जीवन आहे. बहुतेक विद्यार्थी जातात, मोबाइलवर दीडशे फोटो काढतात आणि परत येऊन त्यातल्या एखाद्या मिरवणुकीचा तुकडा स्वतःच्या चित्रात चिकटवतात. याला फार तर संदर्भ गोळा करणं म्हणता येईल. भेटीतून निर्णय निघायचा असेल तर एक खोली, एक भिंत आणि एक प्रश्न ठरवून जावं. सोबत मोजपट्टी, पेन्सिल, वही, फोटोतला रंग ताडायला राखाडी कार्ड आणि छोटी टॉर्च ठेवावी. ट्रायपॉड, मोठे दिवे किंवा भिंतीजवळ काम करायचं असेल तर परवानगी आधी लेखी घ्यावी. भिंतीला हात लावायचा नाही, आणि रंग विरघळतो का हे बघायला ओलं बोट तर मुळीच नाही.

प्रश्न कसा असावा? समजा, चित्राच्या खालच्या पट्ट्याची जमिनीपासूनची उंची किती? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण वाड्यातली बैठक जमिनीवरची, गादी-तक्क्याची. मांडी घालून बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण सत्तर ते ऐंशी सेंटिमीटरवर असते. आजच्या गॅलरीत चित्राचा मध्य साधारण दीडशे सेंटिमीटरवर धरतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला. तेव्हा खोलीतला प्रत्येक पट्टा मोजावा, कोणत्या पट्ट्यात माणसं मोठी, कोणत्यात लहान ते लिहावं, दारं-कोनाडे कुठे येतात आणि चित्रकारानं ते टाळलेत की कथेत ओढून घेतलेत ते बघावं. हे आकडे हातात आले की स्वतःच्या चित्राबद्दल प्रश्न उभा राहतो: माझं चित्र बसून बघायचं की उभ्यानं? उत्तर ‘बसून’ असेल तर चित्राची रुंदी बदलते, आकृतींचं माप बदलतं, प्रदर्शनात चटई लागते. मिरवणुकीतला एकही हत्ती उचललेला नाही, तरी वाडा कामात आला.

टॉर्चचा उपयोग दुसरा. परवानगी असेल तर भिंतीला जवळजवळ समांतर, दहा-पंधरा अंशांच्या कोनात प्रकाश टाकावा. समोरून सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावर गिलाव्याचे जोड, कोरलेल्या रेषा, फुगलेले पापुद्रे उठून दिसतात. ओल्या चुन्यावर केलेल्या कामात दिवसागणिक घातलेल्या गिलाव्याचे जोड सापडण्याची शक्यता असते. कोरड्या भिंतीवर डिंकासारखं बांधक घालून केलेल्या कामात रंग पापुद्र्यांनी सुटतो. यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, तंत्राबाबत शेवटचं बोलणं संवर्धनतज्ज्ञाचं. चित्रकारानं काय दिसलं ते लिहावं, काय वाटलं ते वेगळ्या रकान्यात.

आता हातातल्या साहित्याकडे. भिंतीवर, ओल्या चुन्यावर काम करायची हौस बडोद्यात जुनी आहे, आणि जयपुरी पद्धतीच्या आरायशीत, म्हणजे घोटून चकाकी आणलेल्या चुन्याच्या भित्तिचित्रात, काय चुकतं हेही शिकण्यासारखं आहे. चुना कित्येक महिने पाण्यात मुरवलेला हवा. कळीचा चुना विझवताना चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. उकळी फुटून अंगावर येतो, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे. वरच्या थरात संगमरवराची बारीक पूड, रंग पाण्यात किंवा चुन्याच्या निवळीत घोटलेले, आणि थर ओला असतानाच अकीक दगडाच्या घोट्यानं घासून चकाकी आणायची. अकीकासाठी लांब जायला नको, खंभात जवळच आहे.

इथे सगळ्यात जास्त घात करतो तो निळा रंग. प्रशियन निळा चुन्यात टिकत नाही. चुना अल्कधर्मी असतो. त्यात या रंगातलं लोहाचं संयुग फुटतं आणि मागे गंजासारखा तपकिरी राहतो. भिंतीवर हे कळायला दोन-चार दिवस लागतात, तोवर गिलावा आवळलेला असतो. बाटलीत हेच दोन दिवसांत कळतं. दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत शंभर मिलिलिटर चुन्याची निवळी, दुसरीत तेवढंच साधं पाणी. दोन्हींत वजन करून एकेक ग्रॅम रंगपूड टाका, झाकण लावा, हलवा, अठ्ठेचाळीस तास ठेवा, मधे दोन-तीनदा पुन्हा हलवा. मग दोन्हींतला रंग पांढऱ्या कागदावर ओढून शेजारी शेजारी बघा. गेरू, पिवडी, हिरमुजी या मातीच्या रंगांना काही होत नाही. अल्ट्रामरीनही चुन्यात तग धरतं, त्याचं वैर आम्लाशी. प्रशियनचं पाणी मात्र मळकट होतं.

कधी कधी ‘प्रशियन’ लिहिलेली पूड या परीक्षेत पास होते आणि विद्यार्थी गोंधळतो. तेव्हा डबीवरचं रंगद्रव्याचं संकेतनाव वाचायचं. पी.बी. २७ असेल तर खरा प्रशियन. पी.बी. १५ असेल तर थॅलो, म्हणजे रसायनच वेगळं, आणि ते चुन्यात टिकतं. पी.बी. २९ म्हणजे अल्ट्रामरीन. स्वस्त रंगांत नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा किंवा मिश्रणाचा असणं नवं नाही. सुट्या पुडीच्या पुडक्यावर तर काहीच लिहिलेलं नसतं, तिथे बाटलीच खरी. या एका चाचणीवरून निर्णय कितीतरी निघतात: प्रशियनचाच गडदपणा हवा असेल तर भिंत सोडून टेम्पेरा, म्हणजे अंड्यासारख्या बांधकातला रंग, घ्यावा लागेल, भिंतच हवी असेल तर निळ्याची जात बदलावी लागेल, किंवा रंगाचं तपकिरी होत जाणंच कामाचा विषय करता येईल, आणि मग मात्र ते किती दिवसांत होतं याची नोंद हवी.

ग्रंथांबाबतही हाच न्याय. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातलं चित्रसूत्र बडोद्याच्याच गायकवाड प्राच्यग्रंथमालेत डॉ. प्रियबाला शाह यांच्या संपादनानं १९५८ साली निघालं. त्यातला एखादा श्लोक चित्राखाली छापलेला पुष्कळदा दिसतो. भिंतीची जमीन तयार करण्याचा जो पाठ त्यात दिलाय, विटेची पूड, तिच्या एक तृतीयांश माती, मग राळ, मेण, गूळ, मूग, बेलाचा गर, तो तीस बाय तीस सेंटिमीटरच्या फळीवर करून पाहिलेला क्वचितच दिसतो. करून पाहिला तर पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतात. पाठात बऱ्याच जिनसांची मापं सापेक्ष आहेत. कशाच्या मानानं, कोरड्या वजनानं की आकारमानानं? गूळ पावसाळ्यात पाणी ओढतो, मुंग्या येतात, बुरशी धरते. थर जाड झाला तर तडकतो. एकाच पाठाच्या चार फळ्या करून प्रत्येकीत एकच घटक बदलला तर कोण काय करतं ते उमगू लागतं. श्लोक पाठ असलेल्या विद्यार्थ्यापेक्षा ज्याच्या तीन फळ्या तडकल्या, त्याला त्या ग्रंथाविषयी बोलायचा अधिकार जास्त.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मुद्रणवाल्यांना पक्का माहीत असतो, कारण तिथे चूक प्लेटवर कायमची कोरली जाते. जस्ताच्या प्लेटवर अ‍ॅक्वाटिंट (राळेच्या कणांमधून आम्ल चावू देऊन छटा काढण्याची पद्धत) करायचं तर आधी चाचणीची पट्टी करतात. राळेची बारीक भुकटी प्लेटवर बसवून खालून गरम करायची. कण पारदर्शक होईपर्यंत, पण एकमेकांत मिसळण्यापूर्वी थांबायचं. जास्त तापलं तर राळेचा सलग पडदा होतो आणि आम्ल आत शिरत नाही. कमी तापलं तर धुताना कण निघून जातात. मग पट्टीचा पहिला भाग वार्निशनं झाकायचा, तो पांढरा राहणार. पाच सेकंद आम्लात, बाहेर काढून धुऊन कोरडी, दुसरा भाग झाकायचा. आणखी पाच, म्हणजे एकूण दहा. मग दहा, वीस, चाळीस, ऐंशी असं वाढवत गेलं की पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशे साठ सेकंदांचे पट्टे मिळतात. नायट्रिक आम्ल एकास दहा पाण्यात, आणि मिसळताना कायम आम्ल पाण्यात ओतायचं. बुडबुडे पिसानं झटकायचे, नाहीतर प्रत्येक बुडबुड्याखाली पांढरा ठिपका राहतो. धूर ओढणारा पंखा चालू नसेल तर काम सुरूच करू नये.

खरी गोम पुढे आहे. ही पट्टी जानेवारीत केली आणि प्लेट मे महिन्यात आम्लात चावायला घेतली, तर पट्टी खोटं बोलते. बडोद्याचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो, आम्लाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, शिवाय जस्त-नायट्रिकची क्रिया स्वतःच उष्णता सोडते. जिथे मऊ राखाडी हवा तिथे काळं उतरतं, किंवा राळेखालूनच धातू खाल्ला जाऊन टोन उडतो. म्हणून पट्टीवर तारीख, खोलीचं तापमान, आम्ल ताजं की वापरलेलं, हे लिहिलेलं नसेल तर ती पट्टी नुसती शोभेची. मुद्रणातल्या जुन्या कारागिराला हे विचारा, तो भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवेल. या ज्ञानाला प्रबंधात जागा नाही, कारण ते उद्धृत करता येत नाही. निदान त्याची पट्टी तरी परीक्षकासमोर ठेवा.

मातीकाम करणाऱ्यांचं गणित याहून साफ असतं. तीन घटकांचं झिलईचं मिश्रण त्रिकोणात मांडून दहा टक्क्यांच्या पायरीनं तपासायचं तर सहासष्ट तुकडे भाजावे लागतात, वीस टक्क्यांनी एकवीस, पंचवीस टक्क्यांनी पंधरा. शहाणा विद्यार्थी आधी पंधरा भाजतो आणि त्रिकोणाचा जो कोपरा बोलतो तिथेच बारीक पायरी घेतो. भाताच्या तुसाची राख जवळजवळ सगळी सिलिकाच, लाकडाच्या राखेत चुना भरपूर. ‘राखेची झिलई’ एवढंच लिहून भागत नाही. राख धुतलेली की न धुतलेली हेही लिहावं, धुण्यात विरघळणारे क्षार जातात आणि त्याच भट्टीत झिलई वेगळी वितळते. तुकड्याच्या पाठीवर क्रमांक लोहाच्या ऑक्साइडनं घालायचा, कारण मार्करची शाई भट्टीत उडून जाते. हे सांगावं लागू नये, पण दर वर्षी कुणीतरी वीस अनामिक तुकडे घेऊन बसलेलं असतंच.

कागदपत्रांच्या संशोधनात बडोद्याच्या मराठी मुलामुलींना एक वेगळा मोह पडतो, तो मोडीचा. गायकवाडी दप्तरं मोडीत आहेत, घरोघरी पेट्यांत जुने कागद आहेत, आणि मोडीचं वळण दिसायला विलक्षण देखणं. मग त्याचं छायाचित्र मोठं करून छापायचं, वर रंगाचे थर द्यायचे आणि खाली लिहायचं: ‘विस्मृत वारसा’. कागदात काय आहे हे चित्रकाराला माहीत नसतं. कदाचित घोड्यांच्या चंदीचा हिशेब असेल, कदाचित कुणाच्या जप्तीचा हुकूम. जप्तीच्या हुकमाला सोनेरी चौकट देणं हे विनोदीही आहे आणि थोडं क्रूरही.

यावर उपाय अवघड नाही. मोडीची मुळाक्षरं रोजच्या सरावानं काही आठवड्यांत ओळखू येतात. सलग वाचायला मात्र जाणकार लागतो, तो गाठावा. अभिलेखागारात जाताना संस्थेचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल न्यावी, शाईचं पेन बाहेर ठेवावं. रुमाल (कापडात बांधलेलं दप्तर) कोणता, पुडकं कोणतं, कागद कितवा, हे तिथल्या तिथे लिहावं; ‘नंतर फोटोवरून बघू’ म्हणणाऱ्याला तो कागद पुन्हा सापडत नाही. आणि मजकुराइतकंच वस्तूकडे बघावं. कागद लांबोळा आहे का, पट्ट्या डकवून लांबवलाय का, घडी घालून समास कसा सोडलाय, बोरूच्या तिरक्या कापामुळे रेष कुठे जाड कुठे बारीक होते, शाईनं मागे कुठे फुटून डाग दिलाय. मजकूर वाचून कळतं की हा कागद वापरावा की नाही. वस्तू बघून कळतं की आपलं चित्र चौकोनी कॅनव्हासवर असावं की लांब गुंडाळीवर. हे दोन्ही निर्णय आहेत, आणि पहिला तर बहुतेकदा ‘वापरू नये’ असाच निघतो. वापरू नये असं ठरवायला लागलेले तीन महिने वाया गेले असं मार्गदर्शकानं समजू नये.

‘वापरू नये’ हा निर्णय पिठोऱ्याच्या बाबतीत आणखी स्पष्ट होतो. बडोद्यापासून छोटा उदेपूर काही तासांचं अंतर. तिथल्या राठवा आदिवासींच्या घरात पिठोरा हे भित्तिचित्र नवस फेडण्यासाठी काढलं जातं, बडव्याच्या, म्हणजे पुजाऱ्याच्या देखरेखीखाली. पिठोरा ‘लिहिणारा’ चित्रकार म्हणजे लखारा, आणि कोणता घोडा कोणाचा हे ठरलेलं असतं. शहरातल्या चित्रात त्यातला एक घोडा सजावटीला आला की नवस मागेच राहिला. ज्योती भट्ट यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगावच्या भिंती, रांगोळ्या, गोंदणं कॅमेऱ्यात टिपली. ती छायाचित्रं नोंद म्हणून आजही उभी राहतात कारण भिंत, घर आणि काढणारे हात त्यांत एकत्र आहेत. गावात जाणाऱ्यानं परवानगी कोणाची घ्यायची, फोटो घरी परत द्यायचा की नाही, नाव लिहायचं की नाही, हे निघण्यापूर्वी ठरवावं. तिथे पोचल्यावर पाहुणचारात ते राहून जातं.

आता आक्षेप. पहिला जुनाच: एवढं मोजमाप केलं तर चित्र मरतं, चित्रकार आतून येणाऱ्यावर चालतो. याला बडोद्यातलंच उत्तर आहे. भूपेन खक्कर पेशानं हिशेबनीस, कलासमीक्षा शिकायला इथे आले. १९७२च्या सुमाराला त्यांनी घड्याळ दुरुस्त करणारा, न्हावी असे छोटे धंदेवाले रंगवले. त्यामागे छापील देवदेवता, कॅलेंडरं, दुकानांच्या पाट्या यांच्याकडे वर्षानुवर्षं बघणं होतं. त्यांच्या चित्राखाली प्रबंध नाही. पण दुकानाच्या पाटीचा तो सपाट, जरासा ओशट रंग बघून-जमवूनच आलेला आहे. मोजमापानं चित्र मरत नाही; ज्याला मोजल्यावर काय करायचं ते सुचत नाही त्याचं मरतं, आणि ते न मोजताही मेलंच असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लिहिण्यानं विचार पक्का होतो, प्रबंध काढून टाकला तर मुलं वाचणारच नाहीत. हे खरं आहे. म्हणून प्रबंध काढू नये, त्याचं ओझं हलकं करावं आणि भाषा मोकळी करावी. कलाभवनात रंगाईसारखा तांत्रिक विषय देशी भाषेत शिकवता येत होता, तर आज चाचणीची नोंद मराठीत, गुजरातीत, हिंदीत का चालू नये? इंग्रजीत लिहायचं म्हटलं की जो मुलगा ‘राळ जास्त तापली, आम्ल शिरलं नाही’ असं नेमकं सांगू शकतो, तोच ‘भौतिकतेच्या सीमांची चौकशी’ असलं काहीतरी लिहून मोकळा होतो. नेमकेपणा भाषांतरात सांडतो, आणि परीक्षकाला तो सांडलेला दिसतसुद्धा नाही.

तिसरी अडचण आक्षेपाच्या रूपात कुणी मांडत नाही, पण तीच सगळ्यात जास्त वर्षं खाते: न संपणारं संशोधन. आणखी एक ग्रंथालय, आणखी एक वाडा, आणखी दहा तुकडे. याला बंध घालावा लागतो. दोन आठवड्यांत शोधातून एकही नवा निर्णय निघाला नाही तर पुस्तक मिटून मोठ्या मापात काम सुरू करायचं. अडलं की त्या अडलेल्या प्रश्नापुरतंच परत यायचं. काहीजणांना उलट सांगावं लागतं. ते पहिल्याच तुकड्यावर खूश होऊन सहा फुटी कॅनव्हास ताणतात आणि पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यातला रंग सहा फुटांवर भडक होतो. मधलं एक माप, साधारण दोन फुटांचं, करून बघितलं असतं तर कॅनव्हासचे पैसे वाचले असते.

तर मागणी अशी आहे, आणि ती एकट्या बडोद्यापुरती नाही. पदव्युत्तर परीक्षेत संशोधनाच्या गुणांतला किमान अर्धा वाटा चाचण्यांच्या नोंदवहीला द्यावा: वजनात लिहिलेली प्रमाणं, तारीख, तापमान, काय बिघडलं, मग काय बदललं. विद्यार्थ्यानं परीक्षकाला तीन निर्णय दाखवावेत, त्यातला निदान एक ‘सोडून दिलं’ या जातीचा असावा. प्रत्येक विभागात नमुन्यांचं कपाट असावं. शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या चाचण्या त्यात राहाव्यात, म्हणजे चुन्यातला प्रशियन निळा दर वर्षी नव्यानं शोधावा लागणार नाही. उन्हानं रंग किती उतरतो याच्या पट्ट्या, अर्ध्या झाकलेल्या, खिडकीत एकदा लावल्या की दोन-तीन वर्षं सगळ्यांच्या कामाला येतील. शहरातल्या संग्रहालयांनी आणि अभिलेखागारांनी महिन्यातला एखादा दिवस काम करणाऱ्या चित्रकारांसाठी ठेवावा, जिथे मोजपट्टी आणि वही घेऊन एका वस्तूसमोर तीन तास बसता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, एक खुर्ची आणि एक जबाबदार माणूस लागतो. अध्यापकांच्या नेमणुकीतही हे दिसावं: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत ललित कलांसाठी व्यावसायिक कलाकाराची वेगळी वाट ठेवलेली आहे, तिच्यावरून माणसं खरोखर आत यायला हवीत.

पहिल्या वर्षी बाहेरून येणारे परीक्षक कुरकुर करतील. प्रबंध चाळायला वीस मिनिटं लागतात. एकवीस तुकडे उलटेपालटे करून, पाठीवरचे क्रमांक वहीशी ताडून बघायला तासभर जातो, आणि मध्येच विद्यार्थ्याला विचारावं लागतं की सतरावा तुकडा फुगला का. त्यांना एक दिवस जास्त द्यावा, आणि त्या दिवसाचा भत्ताही.